दोन ओले आणि सासूबाई

सासूबाईंच्या पणजोबांचं नाव ओले. लग्न होऊन शिकागोला आले तेव्हा हे पहिल्यांदा कानावर पडलं आणि मला हसू आवरेना. "आमच्या भाषेत ओले म्हणजे भिजलेले," मी खुलासा केला. सासूबाई मख्ख चेहऱ्याने म्हणाल्या, "बरोबरच आहे. बोटीने आले होते." तेव्हापासून आमचं गूळपीठ आहे.

घरात चालत आलेली कथा अशी. ओले १८५२ साली, चौदा वर्षांचा असताना, आईबापांबरोबर नॉर्वेच्या टेलेमार्क भागातून विस्कॉन्सिनला आला. अमेरिकेच्या यादवी युद्धात नॉर्वेजियनांच्या पलटणीत भरती झाला. चिकमॉगाच्या लढाईत दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या फौजेच्या हाती सापडला, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत खितपत पडला, तिथून जिवंत परत आला, मग आयोवात जमीन घेतली आणि १९०७ मध्ये भरल्या घरात गेला. सासूबाईंच्या एका चुलतभावाने हे सगळं वंशवृक्ष करून इंटरनेटवर चढवलं आहे. एवढ्यावर न थांबता कुटुंबाच्या मेळाव्यासाठी टी-शर्ट छापले आहेत. पाठीवर पांढऱ्या दाढीचा ओले आणि खाली मोठ्या अक्षरांत अँडरसनव्हिल. माझ्याकडेही एक आहे, मी तो घालून अंगणातला बर्फ उपसते.

सासूबाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका, वय ७६. गेल्या वर्षी त्यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे ८० डॉलर भरून ओलेची पेन्शनची फाइल मागवली. ९४ पानं आली, क्रमाचा पत्ता नाही, आणि अक्षर असं की औषधांच्या दुकानदारानेच वाचावं. जेवढी पानं लागली त्यांत डॉक्टरी तपासण्या होत्या: जुनाट जुलाब, मूळव्याध, सांधेदुखी. तुरुंगाचं नाव नाही. "अँडरसनव्हिलमध्ये राहून आलेला माणूस पेन्शन मागताना ते सांगणार नाही?" सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं. "मी तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतं."

म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघी पाच दिवसांसाठी निघालो. नवऱ्याने गाडीची टाकी भरून दिली आणि आपली सुटका करून घेतली.

मंगळवार. शिकागो ते मॅडिसन

अडीच-तीन तासांचा रस्ता. दोन्हीकडे वाळून खडखडीत झालेला मका, मधूनच एखादं कापणीचं अवजड यंत्र धुरळ्यात बुडालेलं. मागच्या सीटवर प्लास्टिकचा क्रेट, त्यात सासूबाईंच्या रंगीत फायली: हिरवी जमिनीची, निळी चर्चची, लाल फौजेची. माझ्या बाजूला चिवड्याचा डबा. रॉकफर्डपर्यंत तो अर्धा झाला होता.

ओलेला मी 'तो' म्हणतेय हे आईला आवडायचं नाही. पण फौजेत गेला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, आणि तेवीस वर्षांच्या पोराला मला काही 'अहो' म्हणवत नाही. त्याचं आडनाव इथे देत नाही, सासूबाईंची तशी अट आहे. नुसतं ओले म्हटल्याने तो कुणाला सापडणार नाही. आम्हालाच सापडायला पाच दिवस लागले.

मॅडिसनला पोचल्यावर आधी कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, आवारातला कर्नल हान्स ख्रिश्चन हेगचा पुतळा पाहिला. विस्कॉन्सिनची १५ वी पायदळ पलटण, जिला स्कँडिनेव्हियन पलटण म्हणत, ती याने उभी केली. हेग नॉर्वेत जन्मलेला, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाला पोटात गोळी लागून गेला. पुतळा १९२५ चा. जून २०२० च्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनात जमावाने तो पाडला, मुंडकं तुटलं आणि धड तळ्यात गेलं. पुढच्या वर्षी दुरुस्त होऊन परत चौथऱ्यावर आला. गुलामगिरीविरुद्ध लढून मेलेल्या माणसाचाच पुतळा का, हे मला त्या वेळी बातमी वाचूनही कळलं नव्हतं आणि पुतळ्यासमोर उभं राहूनही कळलं नाही. सासूबाईंनी जोड कुठे दिसतोय का म्हणून मानेभोवती नीट नजर फिरवली.

तिथून कँप रँडॉल. या मैदानावर युद्धाच्या काळात सत्तर हजार शिपाई तयार झाले. ओलेची पलटण २ मार्च १८६२ ला इथूनच निघाली. आता तिथे विद्यापीठाचं फुटबॉलचं अवाढव्य स्टेडियम आहे आणि रस्त्याच्या कडेला एक दगडी कमान. कमानीखाली लाल स्वेटशर्टातली पोरं पिझ्झा खात बसली होती. आम्हीही चिवडा काढला.

बुधवार. मॅडिसन, दिवसभर कागद

विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी १८४६ ची, म्हणजे विस्कॉन्सिन राज्य व्हायच्या दोन वर्षं आधीची. राज्य नंतर, दप्तर आधी! उंच छताच्या वाचनालयात मायक्रोफिल्मचं रीळ चढवून आम्ही पलटणीची वर्णनपत्रकं उघडली. तेव्हा फोटो-ओळखपत्र कुठलं, म्हणून प्रत्येक शिपायाची उंची, डोळे, केस, वर्ण, धंदा आणि जन्मस्थान लिहून ठेवत. पळून गेला तर पकडायला उपयोगी.

नॉर्वेजियनांची नावं हा एक वेगळाच गुंता आहे. त्यांच्यात तेव्हा आडनाव नव्हतं. बापाचं नाव हान्स तर मुलगा हान्सन आणि मुलगी हान्सडॅटर. त्यापुढे राहत्या शेताचं नाव लागे, आणि शेत बदललं की तेही बदले. हे ऐकून अमेरिकन लोक डोकं धरतात, मला मात्र अगदी घरचं वाटलं. आपल्याकडेही स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि मग गावाला 'कर'. फक्त आपण गाव सोडल्यावरही कर सोडला नाही. इथे आल्यावर कुणी बापाचं नाव आडनाव म्हणून धरलं, कुणी शेताचं. ओले आणि त्याचा सख्खा भाऊ वेगवेगळ्या आडनावांनी एकाच स्मशानात आहेत. आणि पहिली नावं तरी किती असावीत? एकट्या या पलटणीत शंभराहून जास्त ओले होते.

आमच्या ओलेच्या कंपनीच्या पानावर सासूबाईंची पेन्सिल थांबली. तेच नाव, तेच बापाचं नाव, दोन वेळा. एकापुढे १ आणि दुसऱ्यापुढे २. दोघे जन्माने नॉर्वेजियन, दोघे शेतकरी, दोघांचे डोळे निळे. वयात एका वर्षाचा फरक.

पहिल्या ओलेच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: चिकमॉगा येथे कैद, अँडरसनव्हिल येथे मृत्यू. दुसऱ्याच्या: आजारपणामुळे सेवेतून मुक्त, ऑगस्ट १८६३.

चिकमॉगाची लढाई १९ आणि २० सप्टेंबरची. म्हणजे दुसरा ओले लढाईच्या महिनाभर आधी घरी आला होता.

"आपला कुठला?" मी विचारलं. खरं तर उत्तर उघड होतं, मेलेल्याला पणतू कुठून होणार. पण सासूबाईंना असं नुसतं उघड उत्तर चालत नाही, पायऱ्या लिहाव्या लागतात. त्यांनी लाल फाइलमधून १८९१ ची डॉक्टरी तपासणी काढली. उंची ५ फूट ६ इंच. पडद्यावर पहिला ओले ५ फूट १० इंच, दुसरा ५ फूट ६ इंच. "म्हातारपणी माणूस आखडतो," त्या म्हणाल्या, "पण तो चार इंच आखडत नाही." आणि पेन्सिलीने दुसऱ्याच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. सिद्ध.

चुलतभावाने काय केलं असेल ते आता लख्ख दिसत होतं. एका ओलेची कैद घेतली, दुसऱ्याची म्हातारपणातली दाढी घेतली, आणि मधला 'मृत्यू' हा शब्द गाळला.

अँडरसनव्हिल म्हणजे जॉर्जियातली उघड्यावरची छावणी. १८६४ ते ६५ या चौदा महिन्यांत तिथे ४५ हजारांच्या आसपास कैदी आले आणि जवळजवळ १३ हजार मेले. आता त्यांच्या थडग्यांवर नावं आहेत ती डॉरेन्स ॲटवॉटर नावाच्या एकोणीस वर्षांच्या कैद्यामुळे. त्याला मृतांची नोंदवही लिहायचं काम दिलं होतं. त्याने चोरून दुसरी प्रत केली आणि सुटताना लपवून बाहेर आणली. तिच्या आधारे १८६५ मध्ये युद्धात जखमींची सेवा केलेल्या क्लारा बार्टन आणि तो जाऊन नावं लावून आले. फक्त ४६० थडगी अनोळखी राहिली. पहिला ओले त्या अनोळख्यांत नाही. सासूबाईंनी फोनवर यादी उघडून त्याच्या थडग्याचा नंबर शोधला आणि लाल फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला. का, ते सांगितलं नाही.

दुपारी नॉर्वेजियन अमेरिकन जीनिऑलॉजिकल सेंटरमध्ये गेलो. नॉर्वेतून आलेल्यांच्या चर्चच्या वह्यांची रिळं, गावागावांचे शेतवार इतिहास, सगळं एका छताखाली. वह्यांचं अक्षर जुनं गॉथिक वळणाचं. सासूबाईंना पणजोबांची भाषा वाचता येत नाही, मला माझ्या पणजोबांची मोडी येत नाही, आणि आम्हा दोघींनाही लाज वाटेनाशी झाली आहे. तिथल्या एक बाई मात्र ते अक्षर वर्तमानपत्रासारखं वाचत होत्या. आपल्याकडे कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता, त्याची आठवण झाली.

आम्हाला हवी होती मुलं. १९०० च्या जनगणनेत बायकांना दोन प्रश्न विचारले होते: किती मुलं झाली, त्यांतली किती जिवंत. ओलेच्या बायकोपुढे ११ आणि ६ असे आकडे आहेत. वंशवृक्षात मात्र सहाच. बाकीचे पाच कुठे गेले?

ते दफनाच्या वहीत होते. बाईंनी बोट ठेवून एकेक वाचून दाखवलं. एक जन्मल्याच्या दिवशी. एक दोन वर्षांचा. मग १८७९ च्या हिवाळ्यात तिघं, एकोणीस दिवसांत, वयं आठ, पाच आणि तीन. कारण प्रत्येकासमोर तेच, घटसर्प. तिसऱ्या नोंदीत पाद्रीबुवांनी पूर्ण शब्द न लिहिता खाली नुसती दोन टिंबं दिली होती, आपण किराण्याच्या यादीत 'वरीलप्रमाणे' म्हणून देतो तशी.

सासूबाईंना त्या पानावर आणखी एक गोष्ट दिसली. त्यांच्या आजोबांचं नाव तिथे होतं, दोनदा. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची नॉर्वेजियन रीत. दोन वर्षांचा गेला त्याचं नाव पुढच्याला ठेवलं, तो १८७९ मध्ये पाचव्या वर्षी गेला, आणि १८८१ मध्ये जन्मलेले सासूबाईंचे आजोबा हे त्या नावाचे तिसरे. "मला वाटायचं आजोबांचं नाव आजोबांचंच आहे," एवढंच त्या म्हणाल्या. चुलतभावाच्या वृक्षात या तिघांचा मिळून एकच माणूस झालेला आहे आणि त्याच्यापुढे तीन जन्मतारखा आहेत.

रात्री हॉटेलात फाइल घेऊन बसलो. आता काय शोधायचं ते माहीत होतं, त्यामुळे न लागणारं अक्षरही लागू लागलं. ४१ व्या पानावर ते सापडलं. ओलेने १८९० च्या कायद्याखाली पेन्शन मागितली होती. या कायद्याने नव्वद दिवस चाकरी केलेल्या आणि आता अंगमेहनत न जमणाऱ्या शिपायाला महिना ६ ते १२ डॉलर मिळत, दुखणं लढाईतलंच असल्याची अट नव्हती. त्यावर पेन्शन कार्यालयाने उलट विचारलं होतं: युद्धखात्याच्या दप्तराप्रमाणे आपला मृत्यू अँडरसनव्हिल येथे झालेला आहे, तरी खुलासा करावा.

मी मोठ्याने हसले. आमचे बाबा दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात आणि दर वर्षी म्हणतात, मी समोर उभा आहे तरी कागद मागतात. ओलेला तर मेला नसल्याचं शपथेवर सांगावं लागलं. कंपनीतल्या दोन सोबत्यांनी त्याच्या बाजूने जबान्या दिल्या. एकाने लिहिलंय की आम्ही दोघांना मोठा ओले आणि छोटा ओले म्हणत असू, अर्जदार तो छोटा, आणि त्याला पोटाच्या दुखण्याने इतकं खंगवलं होतं की नॅशव्हिलच्या दवाखान्यात नेताना तो परत दिसेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसं मेली आणि त्यांत जुलाब सगळ्यांत पुढे होते. छोटा ओले वाचला हेही काही थोडं नव्हे.

शेवटची वीस-बावीस पानं बायकोची. ओले १९०७ मध्ये गेला आणि तिने विधवेचं पेन्शन मागितलं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा मोठा ओले की छोटा ओले. शिवाय तिला आणखी सिद्ध करायचं होतं: लग्न झालं होतं, १८६४ मध्ये, कोश्कोनाँगच्या चर्चमध्ये, त्याआधी दोघांचं दुसरं लग्न नव्हतं, नंतर घटस्फोट झाला नाही. पुराव्यादाखल तिने घरातल्या बायबलचं पान फाडून पाठवलं होतं, ज्यावर मुलांचे जन्म लिहिलेले होते. ते पान वॉशिंग्टनला राहिलं. सासूबाईंच्या घरी ते बायबल आहे. मधलं एक पान कडेने फाटलेलं आहे, आणि लहानपणी ते आपणच फाडलं असं समजून त्यांनी त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत.

पानावर अकरा नावं. सही तिची नाही, फुलीची निशाणी आणि दोन साक्षीदार. वाचता तिला येत असणार, त्यांच्या पंथात वाचता आल्याशिवाय कन्फर्मेशन, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये होणारा दीक्षाविधी, होत नसे. लिहायला कुणी शिकवलं नसावं. नावं ओलेच्या अक्षरात आहेत. पेन्शन महिना १२ डॉलर मंजूर झालं.

सासूबाई दिवा मालवून बराच वेळ जाग्या होत्या.

गुरुवार. कोश्कोनाँग, मग मिसिसिपीपर्यंत

दिवसभर पाऊस. मॅडिसनच्या आग्नेयेला कोश्कोनाँगची जुनी नॉर्वेजियन वस्ती आहे, १८४० च्या दशकातली. तंबाखू सुकवायची उंच लाकडी कोठारं अजून उभी आहेत, वारा खेळावा म्हणून भिंतीच्या उभ्या फळ्या खिडकीसारख्या उघडणारी. ओलेच्या आईबापांचं थडगं शोधताना माझे बूट चिखलात रुतले आणि सासूबाईंची छत्री उलटी झाली. थडगं सापडलं नाही. बोटीचा कागदही नाहीच, कारण १८५० नंतर नॉर्वेजियन बहुतेक क्वेबेकला उतरत आणि तिथल्या प्रवाशांच्या याद्या १८६५ पासूनच्या आहेत. थोडक्यात, ओले आला कसा याचा पुरावा म्हणजे सासूबाई.

संध्याकाळी प्रेरी डू शीनला मुक्काम. सासूबाईंनी घरून लेफ्सा आणला होता. हा उकडलेल्या बटाट्याचा पातळ पोळीसारखा प्रकार, तव्यावर भाजायचा, लांब काठीने उलटायचा, आणि लोणी-साखर लावून गुंडाळी करून खायचा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे शाळेतून आल्यावर हेच मिळायचं, तूप-साखर-पोळी.

शुक्रवार. डेकोरा, आयोवा

नदी ओलांडली की आयोवा. हा भाग हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटलेला आहे, त्यामुळे मिडवेस्ट सपाट असतं हे इथे खोटं ठरतं: टेकड्या, कडे आणि दऱ्यांत दडलेले ओढे. ऑक्टोबरात तर सगळं हळद-कुंकवाच्या रंगाचं. वाटेत एफिजी माउंड्सला थांबलो. अस्वलाच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे, हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी रचलेले. वरून बघायला तेव्हा कुणी नव्हतं, तरी आकार नेमके आहेत.

विनेशिक काउंटीचं कोर्टहाउस डेकोरा गावात उंचावर आहे. तिथे दस्तांच्या सूच्या, एक जमीन देणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची. पुण्यात फ्लॅट घेताना इंडेक्स टूसाठी खेटे घातलेल्या मला हे जग ओळखीचं होतं. सासूबाई 'घेणार'मध्ये शोधू लागल्या, मी 'देणार'मध्ये. वह्या एवढ्या जड की उचलायच्या नाहीत, रुळांवरून ओढायच्या.

१८६७ मध्ये ओलेने ८० एकर घेतले. इथली सरकारी जमीन तोवर बहुतेक संपली होती, म्हणून आधीच्या मालकाकडून विकत. जमिनीचं वर्णन चौकटीतलं: ६ मैल बाय ६ मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, आणि त्या सेक्शनच्या नैर्ऋत्य चतुर्थांशाचा पश्चिम अर्धा भाग. ना ओढा, ना वडाचं झाड, ना अमक्याचा बांध. सासूबाईंना ते फार आवडलं. मला आपलं 'पूर्वेस तुकारामाची विहीर' बरं वाटतं.

ओलेच्या खरेदीखतात बायको नाही. माझ्या बाजूच्या वहीत सापडली ती १८८९ मध्ये, त्याने वीस एकर शेजाऱ्याला विकले तेव्हा. शेवटच्या ओळीत तिचं नाव आणि पुढे लिहिलेलं: सदर जमिनीतला आपला पत्नी म्हणून असलेला हक्क सोडत आहे. जमीन घेताना तिला कुणी विचारलं नाही, सोडताना मात्र तिच्यावाचून चाललं नाही. फाइलमध्ये हक्क सिद्ध करताना ती दिसली होती, इथे हक्क सोडताना. संसाराच्या बाकी त्रेचाळीस वर्षांत जनगणनेवाला दारात आला तेवढाच. मी सासूबाईंना ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "निळी फाइल आण." निळ्या फायलीवर आतापर्यंत ओलेचं नाव होतं. ते खोडून त्यांनी तिचं लिहिलं, बापाच्या नावासह, डॅटर लावून.

दुपारी वेस्टरहाइम संग्रहालय. नावाचा अर्थ पश्चिमेकडचं घर. अटलांटिक ओलांडून आलेली पंचवीस फुटी शिडाची होडी आहे, अख्खी लाकडी घरं आहेत, पण आम्ही पेट्यांपाशी रेंगाळलो. बोटीवर चढवायच्या लाकडी पेट्या, वर रोझमालिंगची वेलबुट्टी, आणि पुढच्या फळीवर मालकाचं नाव आणि साल. कितीतरी पेट्यांवर शेवटचा शब्द डॅटर. एका पेटीच्या झाकणाच्या आत, कुलपाजवळ, बोटांनी घासून रंग उडालेला होता, नेमका उघडताना हात पडेल तिथे. सासूबाईंनी काचेवर आपला हात त्या उंचीला धरून बघितला. रखवालदार खाकरला.

शनिवार. शेत, थडगं आणि फोन

ओलेचं शेत आता दुसऱ्या कुटुंबाचं आहे. सासूबाईंनी आधी पत्र लिहून विचारलं होतं. मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात कॉफी दिली आणि टेबलावर ॲबस्ट्रॅक्ट ठेवलं. आयोवात प्रत्येक जमिनीचं असं बाड असतं, सुरुवातीपासूनचे सगळे व्यवहार एकाखाली एक. ओले पाचव्या पानावर भेटला. पहिल्या पानाची पहिली ओळ: देणार, अमेरिकेची संयुक्त संस्थानं.

त्याच्या आधी पान नाही. हा मुलूख हो-चंक लोकांच्या ताब्यात होता आणि त्यांना १८४८ मध्ये इथून मिनेसोटाला हलवलं. दोनच वर्षांत पहिले नॉर्वेजियन पोचले. डेकोरा हे गावाचं नावही हो-चंक सरदाराचं. नाव ठेवून घेतलं, माणसं ठेवली नाहीत. मी हे मालकीणबाईंसमोर बोलले नाही. कॉफी त्यांची होती, आणि मीही काही इथली नाही. गाडीत बसल्यावर सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "ओलेला रिकामी जमीन मिळाली असं आम्हाला शाळेत शिकवलं. मीही काही वर्षं तेच शिकवलं असेन." गणिताच्या तासाला हे कसं आलं असेल कोण जाणे.

शेतात ओलेचं म्हणावं असं काय उरलंय, तर जुन्या गोठ्याचा दगडी पाया आणि त्यातून वर आलेलं अक्रोडाचं झाड. सासूबाईंनी एक हिरवा अक्रोड खिशात टाकला. त्याचा काळा रंग कोटाला लागला तो अजून गेलेला नाही.

स्मशानात ओलेचा दगड मोठा, पलटणीचा नंबर कोरलेला. बायकोचं नाव त्याच दगडाच्या मागच्या बाजूला, शेवाळ्याखाली. मुलांसाठी वेगळा दगड नाही. पण कुंपणाकडे एक बुटका, झिजून गुळगुळीत झालेला दगड आहे. सासूबाईंनी फोनचा दिवा तिरपा धरला तेव्हा त्यावर फक्त १८७९ वाचता आलं. तो यांचाच, असं म्हणायला पुरावा नाही, आणि सासूबाई तसं म्हणाल्याही नाहीत. त्यांनी हातमोज्याने त्यावरची पानं बाजूला केली आणि फोटो काढला.

परतीच्या वाटेवर ड्यूब्यूकच्या जवळ चुलतभावाचा फोन आला. सासूबाईंनी तो गाडीच्या स्पीकरवर घेतला, वहीत लिहिल्यासारखं क्रमाने सगळं सांगितलं: दोन ओले, चार इंच, ऑगस्ट, सप्टेंबर. पलीकडे बराच वेळ शांतता.

"मग चिकमॉगाच्या वेळी आपला ओले होता कुठे?"

"संडासात," सासूबाई म्हणाल्या.

मला गाडी कडेला घ्यावी लागली.

तो बिचारा खरंच खट्टू झाला होता. पुढच्या मेळाव्याचे साठ टी-शर्ट छापून आले होते, त्यांचं काय करायचं, त्याने विचारलं. सासूबाईंनी लाल फाइल उघडून आतल्या बाजूचा थडग्याचा नंबर त्याला दोनदा वाचून दाखवला आणि लिहून घ्यायला लावला.

"फोटो बदल," त्या म्हणाल्या. "बाकी राहू दे. त्या पोराच्या मागे कुणी नाही."